वर्गातला सगळ्यात आखूड श्वास

कऱ्हाडच्या एका ताईंनी विचारलं आहे: योगशिक्षकाचा कोर्स पूर्ण झाला, दोन महिन्यांपूर्वी सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळची बॅच सुरू केली. १४ जण येतात. त्यात २२ वर्षांची मुलगी आहे आणि ६९ वर्षांचे आजोबाही आहेत. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे, कुणाला फक्त वजन उतरवायचं आहे. आसनांचा क्रम कसा लावू? स्वतः किती करून दाखवू? हात लावून दुरुस्त करू का? आणि महिनाभरात लोक गळायला लागलेत, माझं कुठे चुकतंय?

ताई, मी साताऱ्यात शाहूपुरीत २१ वर्षं वर्ग घेते. सकाळी पावणेसहाची एक बॅच आणि सव्वासातची एक. तुमचे चारही प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण माझ्या मते त्यांचं मूळ एकच आहे. म्हणून आधी ते सांगते, मग बाकीचं.

माझ्या वर्गाचा वेग मी ठरवत नाही. त्या दिवशी खोलीत ज्याचा श्वास सगळ्यात आखूड चालला आहे, तो माणूस ठरवतो. त्याला आसनात शांतपणे श्वास घेता आला की आम्ही पुढे जातो. त्याचा श्वास अडला की सगळे थांबतो, थोडं मागे येतो. मला हे कुठल्या पुस्तकातून सुचलेलं नाही. माझ्या हातून एका माणसाला इजा झाली, तेव्हा कळलं.

वर्ग सुरू करून दीड-दोन वर्षं झाली होती. तेव्हा मी समोर मॅट टाकून बसायचे, सगळं स्वतः करायचे आणि लोक माझं बघून करायचे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका रोज पहिल्या रांगेत बसायचे. अतिशय नेमाने येणारा माणूस. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय समोर पसरून पुढे वाकताना, त्यांची बोटं नडगीच्या मध्यावर अडकायची. एक दिवस मी उठले, त्यांच्या मागे गेले, पाठीवर दोन्ही तळवे ठेवले आणि ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणत दाबलं. बोटं घोट्यापर्यंत पोचली. मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला की त्यांना कुशीवर वळता येत नाही.

मी घरी गेले. ते लाकडी पलंगावर पडून होते, कमरेखाली गरम पाण्याची पिशवी. माझ्यावर जराही राग नव्हता, उलट मलाच चहा द्यायला सांगत होते. बोलता बोलता म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही दाबलंत तेव्हा मी श्वास धरून ठेवला होता. म्हटलं, तुम्ही आता सोडाल.’ तीन आठवडे त्यांना स्कूटरवर बसता आलं नाही. त्यांचा श्वास थांबला होता आणि मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. ते वाक्य आजही माझ्या कानात आहे. त्या दिवसानंतर मी कुणाच्याही पाठीवर वजन टाकलेलं नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा देते. स्वतः कमी करा. नवं आसन असेल तर एकदा कडेला वळून, म्हणजे बाजूने दिसेल असं, न बोलता करून दाखवा. दुसऱ्यांदा बोलत करा. तिसऱ्यांदा फक्त ते करतील आणि तुम्ही उभ्या राहाल. तुम्ही खाली डोकं घालून बसला असाल तर मागच्या रांगेतल्या आजोबांची मान ताठ झालेली तुम्हाला दिसणारच नाही. तुमचा स्वतःचा अभ्यास वर्गात होत नाही, तो वेगळा ठेवा. मी पहाटे साडेचारला माझा करून घेते. वर्गात मी शिक्षक असते आणि शिक्षकाचं काम बघणं आहे.

बघायचं काय, हे कोर्समध्ये फारसं शिकवत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. श्वास दिसतो. पुरुषांच्या शर्टाची खालची दोन बटणं बघा. आसनात ती वर-खाली होत असतील तर ठीक. ती थांबली आणि वरचं बटण, गळ्याजवळचं, हलायला लागलं तर समजायचं की श्वास वर चढला. बायकांच्या बाबतीत मी मागून बघते, बरगड्यांचा खालचा भाग पंख्यासारखा उघडतो की नाही ते. कधी श्वास दिसत नाही, पण त्याच्या खुणा दिसतात. पायाची बोटं जमिनीला नखं रुतवल्यासारखी आवळली जातात. अंगठा मुठीत जातो. खालचा ओठ दाताखाली येतो. वृक्षासनात, एका पायावर तोल सांभाळताना, भुवया वर जातात. भुजंगासनात, पोटावर झोपून छाती उचलताना, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताणून दिसतात. यातलं एक जरी दिसलं तरी त्या माणसाला मी नावाने हाक मारत नाही. सगळ्यांनाच सांगते, ‘थोडं मागे या, एक श्वास मोकळा सोडा.’ ज्याला सांगायचं त्याला ते पोचतं आणि चारचौघांत त्याचा अपमानही होत नाही. आपल्याकडे वयस्कर माणसाला वर्गात नाव घेऊन दुरुस्त केलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. तुमच्या गळतीचं हे एक कारण असू शकेल, तपासून बघा.

बघायला उभं कुठे राहायचं? मी समोर दोन-तीन मिनिटंच असते. बाकीचा वेळ डावीकडच्या भिंतीजवळून मागे आणि मागून उजवीकडे, असं चालत राहते. अनवाणी, आवाज न करता. उभ्या आसनांत मागून टाचा दिसतात, आणि टाचा फार काही सांगतात. एक टाच आत झुकलेली असेल तर त्या बाजूच्या गुडघ्यावर रोज भार येतो आहे.

आता शब्दांबद्दल. मी शिकले तेव्हा सूचना अशा असायच्या: ‘पूरक करीत हस्त ऊर्ध्व दिशेने न्या.’ काकू माझ्याकडे बघत राहायच्या. ‘श्वास घेत हात वर’ म्हटलं की लगेच जमायचं. ताडासन, म्हणजे ताठ उभं राहणं, शिकवताना मी म्हणते, डोक्यावर भरलेली घागर आहे असं उभं राहा. कोरेगाव, वडूजकडून आलेल्या साठीच्या बायका एका क्षणात ताठ होतात. मान लांब, हनुवटी समांतर, पोट आपोआप आत. त्यांच्या अंगाला ती घागर अजून आठवते. पण हेच मी कॉलेजच्या मुलींना सांगितलं तेव्हा त्या खांदे उचलून आखडल्या, कारण त्यांनी घागर कधी उचललेलीच नाही. त्यांना सांगते, भिंतीला पाठ लावून आई पेन्सिलने उंचीची खूण करते आहे. मग त्याही तशाच उभ्या राहतात. भाकरी थापताना तळवा जसा मऊ असतो तसा मार्जारासनात, म्हणजे मांजरासारखं हात-गुडघ्यांवर असताना, जमिनीवर ठेवा, असं म्हटलं की मनगटावरचा ताण निम्मा होतो. तुमच्या १४ माणसांनी आयुष्यात हातांनी काय काय केलं आहे ते विचारून घ्या. शब्द त्यातूनच मिळतील.

आणि आकडे मोठ्याने मोजू नका. एक, दोन, तीन म्हटलं की लोक आकड्याबरोबर पळतात. मी ‘तुमचे तीन श्वास’ म्हणते. २२ वर्षांच्या मुलीचे तीन श्वास आणि आजोबांचे तीन श्वास यांत दहा-बारा सेकंदांचा फरक पडतो. जो आधी संपवेल तो आसन सोडून शांत बसतो. कुणाची वाट बघावी लागली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

क्रमाचं सांगते. माझा तास ६० मिनिटांचा आहे. पहिली ५ मिनिटं उताणं पडून, गुडघे वाकवून, पावलं जमिनीवर. काही करायचं नाही, फक्त पोट हलतंय ते बघायचं. मी याच वेळी सगळ्यांचे श्वास बघून घेते आणि आजचा आखूड श्वास कुणाचा ते ठरतं. मग १० मिनिटं सांधे मोकळे करणं: घोटे, गुडघे, खुबा, खांदे, मान. त्यानंतर उभी आसनं, मग बैठी, मग पोटावरची, मग पाठीवरची, शेवटी शवासन आणि प्राणायाम. हा साचा नवा नाही, महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी असाच आहे. पुढे झुकलं की मागे झुकायचं आणि पिळाचं आसन दोन्ही बाजूंना सारखं, एवढं पाळलंत तरी क्रमात मोठी चूक होत नाही. खरा फरक ऋतूने पडतो. आमच्याकडे मार्गशीर्ष-पौषात पहाटे फरशीला पाय लावता येत नाहीत, साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या डोंगराकडून वारा येतो. तेव्हा सांध्यांची १० मिनिटं १८ होतात आणि बैठी आसनं कमी होतात. पावसाळ्यात सतरंज्या दमट असतात, सर्दी असते, अनुलोम-विलोमाला, म्हणजे एकेका नाकपुडीने आलटून पालटून श्वास घ्यायला, नाक साथ देत नाही. तेव्हा भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव, जास्त घेते. एप्रिल-मेमध्ये भात्यासारख्या जोरदार श्वासाची भस्त्रिका बंद, जिभेवरून गार श्वास घ्यायची शीतली चालू.

सूर्यनमस्काराबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपण सातारा जिल्ह्यातली माणसं आहोत. औंध आपल्याच खटाव तालुक्यातलं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा अक्षरशः ध्यास घेतला होता. स्वतः रोज घालायचे, संस्थानातल्या शाळांत मुलांना घालायला लावायचे. १९३८ मध्ये त्यांचं यावरचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. आज जगभर योगाच्या वर्गांत नमस्कार घातले जातात, त्यामागे औंधचा मोठा वाटा आहे. माझ्याकडे २००६ च्या सुमारास एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे, वय सत्तरीच्या पुढे, औंधला शाळेत शिकलेले. त्यांचा नमस्कार बघणं हा माझ्यासाठी धडा होता. हात एकदा जमिनीला टेकले की शेवटपर्यंत जागचे हलायचे नाहीत. घाई नाही, धाप नाही. दहा नमस्कार झाले की हात जोडून उभे राहायचे आणि श्वास पहिल्यासारखाच. मी विचारलं, ‘सर, रोज किती घालता?’ म्हणाले, ‘शाळेत असताना जास्त घालायचो. आता श्वास सांगेल तेवढे.’

म्हणून माझ्या वर्गात सूर्यनमस्काराची संख्या ठरलेली नसते. रथसप्तमीला १०८ घालायचा उत्साह असतो, तो असू द्या, पण ज्यांची वर्षभराची सवय आहे त्यांनीच ते करावं. गुडघ्यांचा किंवा मनगटांचा त्रास असणाऱ्यांना मी खुर्चीवर हात टेकवून किंवा भिंतीला तळवे लावून घालायला शिकवते. ते कमी प्रतीचे नमस्कार नाहीत, हे त्यांना स्पष्ट सांगा.

साधनांचा संकोच बाळगू नका. पुण्यात योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी पट्टा, वीट, खुर्ची, दोर वापरून म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना आसनं करायला शिकवलं. आपल्या हॉलमध्ये महाग वस्तू नसल्या तरी चालतं. जुनी ओढणी पट्टा होते, दोन जाड पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळली की वीट होते, घडी केलेली चादर बैठकीखाली आली की मांडी घालता न येणारा माणूसही ताठ बसतो. पश्चिमोत्तानासनात त्या काकांच्या पावलांभोवती ओढणी टाकून दिली असती आणि गुडघे थोडे वाकवू दिले असते, तर त्यांचं काही बिघडलं नसतं. लोणावळ्याच्या कैवल्यधामच्या परंपरेत मी शिकले. ते स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलं. तिथल्या शिकवणीतली एक गोष्ट मी सोडलेली नाही: आसनात झटका नको आणि जोरही नको. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी आसनासाठी प्रयत्नशैथिल्य असा शब्द वापरला आहे. मराठीत सांगायचं तर जोर सैल सोडणं. माझ्या मते शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे. जोर लावायला सांगणं सोपं असतं. सैल सोडायला सांगितलं की लोकांना वाटतं आपण काहीच केलं नाही.

हात लावण्याचं: आधी शब्द, मग भिंत किंवा साधन, आणि यांनी काम झालं नाही तरच हात. तोही विचारून. ‘काका, खांद्याला हात लावू का?’ एवढं विचारायला एक सेकंद लागतो. हात दिशा दाखवण्यासाठी, ढकलण्यासाठी नाही. मी दोन बोटं ठेवते आणि म्हणते, ‘इथे श्वास पाठवा.’ ते बोटांच्या दिशेने स्वतः येतात. तळवा ठेवला की आपल्याही नकळत वजन पडतं, म्हणून दोन बोटंच.

पहिल्या दिवशी एक वही पुढे ठेवा. रक्तदाब, मधुमेह, मणक्याचा त्रास, शस्त्रक्रिया, काचबिंदू, गरोदरपण, चालू असलेली औषधं. काचबिंदूचं लोक सांगत नाहीत, कारण त्याचा योगाशी काय संबंध असं त्यांना वाटतं. डोकं खाली असताना डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून त्यांना सर्वांगासन, शीर्षासन, इतकंच काय पण जास्त वेळ पुढे झुकून राहणंही देऊ नका. रक्तदाब असणाऱ्यांना श्वास रोखून धरायला लावू नका. पाळीच्या दिवसांत कुणाला सावकाश करायचं असेल तर करू द्या, कारण विचारत बसू नका.

आणि एक गोष्ट आवाज चढवून सांगते. एक दिवस एक काका मोठ्या आनंदाने म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या योगामुळे मी बीपीची गोळी सोडली.’ मी त्यांना त्या दिवशी वर्गात घेतलं नाही. पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आलात की या, असं सांगितलं. ते नाराज झाले, आठ दिवसांनी आले, गोळी चालू करून. योगाने माणसाला बरं वाटतं हे मी रोज बघते, पण गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. तुमच्या वर्गात कुणी मधुमेह बरा होतो का विचारलं तर हो म्हणू नका. पुढच्याने आग्रह केला तरी नाही. लोक विश्वासाने येतात, म्हणून आपलं ज्ञान संपतं तिथे आपल्याला गप्प राहता आलं पाहिजे.

प्राणायामात घाई होते, सगळ्यांचीच. टीव्हीवर बघून आलेले लोक पहिल्या दिवशी कपालभाती मागतात. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, दुसऱ्या उपदेशात म्हटलं आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा श्वास वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. मी पहिले तीन महिने फक्त दीर्घ श्वसन आणि समान मापाचा अनुलोम-विलोम घेते, जेवढा श्वास आत तेवढाच बाहेर. तीन महिन्यांनी ज्यांना मनात चार मोजेपर्यंत श्वास घेऊन आठ मोजेपर्यंत सोडता येतो त्यांना तसं करायला सांगते. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, वर्गात कधीच घेत नाही. तो एकेकट्याला, समोर बसवून शिकवायचा विषय आहे.

आता गळती. ताई, थोडी गळती ही तुमची चूक नाही. गौरी-गणपतीत घरात पाहुणे असतात, लग्नसराईत बायकांना पहाट मिळत नाही, पेरण्यांत शेतीवाले येत नाहीत. ते परत येतात. २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिनाला मैदानात गर्दी होते, त्यातले थोडेच जुलैत वर्गात दिसतात. तेही ठीक आहे. पण जो माणूस तिसऱ्या आठवड्यात न सांगता थांबतो, त्याच्या बाबतीत मी स्वतःला विचारते की मी त्याला त्याच्यापेक्षा मोठ्या श्वासावर पळवलं का. बहुतेक वेळा उत्तर हो असतं. तरुण मुलगी कंटाळली असेल तर तिला तेच आसन जास्त श्वासांपर्यंत टिकवायला द्या, म्हणजे पाच श्वासांऐवजी दहा. आमच्याकडे हिल मॅरेथॉनची तयारी करणारी मुलं येतात. यवतेश्वरचा घाट पळतात, पण जानुशीर्षासनात, एक पाय पसरून त्यावर पुढे वाकलेलं असताना, दहा शांत श्वास घेताना घामाघूम होतात. त्यांना वर्ग हळू वाटत नाही.

फी ठरलेली ठेवा, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घ्या, आणि ज्याला जमत नाही त्याला एकांतात सांगायला सांगा. याहून जास्त मी यावर विचार करत नाही.

घरी करायला तीनच गोष्टी द्या, सगळ्या मिळून बारा मिनिटांच्या. दहा दिल्यात तर एकही होणार नाही. मी देते: ताडासन, मार्जारासन आणि पाच मिनिटं दीर्घ श्वसन. आजोबांना ताडासन स्वयंपाकघराच्या ओट्याला हात लावून.

ते बँकवाले काका नंतर परत आले. पुढे सोळा वर्षं आले, पहिल्याच रांगेत. शेवटपर्यंत त्यांची बोटं घोट्यापर्यंत गेली नाहीत, ओढणी हातातच राहिली, पण तिथे बसून ते बारा श्वास घ्यायचे आणि शर्टाची खालची बटणं सावकाश हलत असायची.

कऱ्हाड ते सातारा तासाभराचा रस्ता आहे. एखाद्या दिवशी पावणेसहाच्या बॅचला या. आसनं करू नका, माझ्याबरोबर भिंतीच्या कडेने चाला आणि त्या दिवशी कुणाचा श्वास आखूड आहे ते मला सांगा. फरशी गार असते, पायमोजे घेऊन या.